‘मग काय झाले?’ आणि ‘का झाले?’ : इंग्रजी कथेचे कथानक शिकवताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांची आहेत आणि त्यांतील बहुतेकांची अडचण एकच आहे : मुलांना कथा कळते, पण कथानकावर प्रश्न आला की ती अडखळतात. त्यांतील निवडक प्रश्न व त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळेत दहावीला इंग्रजी शिकवते. कथानक शिकवताना मी फळ्यावर पिरॅमिड काढते. एक्स्पोझिशन, रायझिंग अ‍ॅक्शन, क्लायमॅक्स, फॉलिंग अ‍ॅक्शन, रिझोल्यूशन (म्हणजे ओळख, चढण, शिखर, उतरण, उकल) हे पाचही शब्द मुलांना व्याख्येसकट पाठ आहेत. तरीही ‘द नेकलेस’चे कथानक लिहायला सांगितले की सगळे जण पाठाचा सारांश लिहून देतात आणि क्लायमॅक्स कोणता यावर वर्गात तीन गट पडतात. सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करायला हवी का?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : वर्गात तीन गट पडतात ही मला आपल्या अध्यापनाची जमेची बाजू वाटते, त्याकडे पुढे येतो. अडचण आहे ती पिरॅमिड कधी काढायचा याची. ही आकृती गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकाच्या १८६३ सालच्या नाट्यतंत्रावरील ग्रंथातून आली आहे. त्याच्या डोळ्यांसमोर ग्रीक शोकांतिका आणि शेक्सपिअरची पाच अंकी नाटके होती आणि अशा नाटकात चढण साधारणपणे मध्यावर, म्हणजे तिसऱ्या अंकाच्या आसपास संपते. लघुकथेला पाच अंक नसतात. तिच्या उतरणीला बहुधा एखादा परिच्छेद, कधी कधी तर एकच वाक्य मिळते. दोन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण अशा कथेवर आधीच ठेवून दिला, की मुले कथा वाचायचे सोडून त्रिकोणातील रिकाम्या जागा भरू लागतात. तेव्हा पिरॅमिड जरूर काढावा, पण शेवटच्या तासाला, कथा पुरती उलगडून झाल्यावर.

आरंभ करायचा तो ई. एम. फॉर्स्टर या कादंबरीकाराने १९२७ साली केंब्रिजच्या व्याख्यानांत सांगितलेल्या भेदापासून. ‘राजा मेला आणि मग राणी मेली’ ही झाली गोष्ट. ‘राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली’ हे झाले कथानक. पहिले ऐकून आपण ‘मग पुढे?’ असे विचारतो, दुसरे ऐकून ‘का?’ असे विचारतो. आपले विद्यार्थी जो सारांश लिहून देतात तो पहिल्या प्रकारचा असतो आणि त्याला तेच एकटे जबाबदार नाहीत, कारण गाईडमधील सारांशही याच प्रकारचा असतो.

हा भेद व्याख्येने न सांगता हातात द्यावा. प्रत्येकाला स्वतःच्या सारांशातील ‘अँड देन’ खोडून त्या जागी ‘सो’ किंवा ‘बट’ घालायला सांगावे. दोन्ही बसत नसतील तेथे प्रश्नचिन्ह टाकायला सांगावे. मोपासाँ या फ्रेंच लेखकाच्या १८८४ सालच्या या कथेवर हा प्रयोग फार चांगला चालतो. शिक्षण खात्यातील समारंभाचे निमंत्रण येते, पण नायिका मॅटिल्डा हिच्याकडे पोशाख नसतो. म्हणून नवरा बंदुकीसाठी साठवलेले ४०० फ्रँक तिला देतो. पण पोशाखावर घालायला दागिना नसतो. म्हणून ती मैत्रिणीकडून, फॉरेस्टिए बाईंकडून हार उसना आणते. येथपर्यंत वर्ग भराभर पुढे सरकतो. मग येते ‘अँड देन शी लॉस्ट द नेकलेस’, आणि तेथे ‘सो’ही बसत नाही, ‘बट’ही बसत नाही. बरीच मुले प्रश्नचिन्ह टाकून मोकळी होतात. अशा वेळी घाई न करता समारंभ संपल्यानंतरचा परिच्छेद पुन्हा वाचून घ्यावा. नवरा तिच्या खांद्यावर रोजच्या वापरातील साधी शाल टाकतो. उंची वस्त्रे पांघरणाऱ्या इतर बायकांच्या नजरेला ती शाल पडू नये म्हणून तिला तेथून निसटायचे असते. गाडी बोलावतो, थांब, असे तो म्हणत असतानाच ती जिना उतरून जाते. हार नेमका कोठे पडला हे कथा सांगत नाही, पण ती घाई कशातून आली हे मात्र सांगते. शाल साधी होती ‘म्हणून’ ती धावली. प्रश्नचिन्हाच्या जागी अर्धेमुर्धे का होईना, एक कारण येऊन बसते, आणि मुलांना ते स्वतःला सापडलेले असते.

पुढची खरी जागा हार हरवण्याची नाही, तर त्यानंतरच्या पत्राची आहे, असे माझे मत आहे. हाराचा फासा तुटला आहे आणि तो दुरुस्तीला दिला आहे असे मैत्रिणीला लिहून कळव, म्हणजे शोधायला वेळ मिळेल, असे नवरा सुचवतो आणि ती तसे लिहिते. सारांशात हे पत्र हमखास गळते, कारण त्यात ‘घडत’ काहीच नाही. पण ते काढून टाका आणि बघा. त्याच दिवशी मॅटिल्डा खरे बोलली असती, तर हार खोटा असल्याचे तिला तेव्हाच कळले असते आणि कथा तेथेच संपली असती. त्या चार ओळींच्या खोट्यामुळे ३६,००० फ्रँकचा खरा हार घ्यावा लागतो, वडिलोपार्जित १८,००० फ्रँक त्यात जातात, उरलेल्या रकमेसाठी सावकारांच्या दारी जावे लागते आणि दहा वर्षे धुणीभांडी करण्यात जातात. ‘कोणती ओळ काढली तर पुढची सगळी कथा कोसळते?’ हा प्रश्न वर्गाला विचारावा. मुले आधी ‘हार हरवला’ असेच म्हणतील. पत्रापर्यंत पोहोचायला त्यांना थोडा वेळ द्यावा, उत्तर आपण सांगू नये. मूळ कथेत आणखी एक अशीच जागा आहे : नवा हार परत करताना फॉरेस्टिए बाई डबी उघडून पाहत नाहीत. आपल्या पाठात हे वाक्य कसे आले आहे ते वर्गात जाण्यापूर्वी तपासून घ्यावे, कारण संक्षिप्त केलेल्या पाठांत अशीच बारीक वाक्ये आधी बदलतात.

आता तीन गटांविषयी. एक गट हार हरवणे हा क्लायमॅक्स मानत असेल, दुसरा नवा हार विकत घेण्याचा निर्णय आणि तिसरा शेवटचे वाक्य, म्हणजे तो हार फार तर ५०० फ्रँकचा होता हे कळणे. येथे अ‍ॅरिस्टॉटल उपयोगी पडतो. नशिबाचे पारडे फिरते तो क्षण आणि अज्ञान जाऊन ज्ञान होते तो क्षण हे दोन त्याने वेगळे ओळखले आणि उत्तम शोकांतिकेत ते एकत्र येतात असे म्हटले. मोपासाँने या दोन क्षणांमध्ये दहा वर्षांचे अंतर ठेवले आहे, आणि कथेचा सगळा बोचरेपणा या अंतरातून आला आहे. म्हणजे दुसरा गट पहिल्या क्षणाविषयी बोलतो आहे आणि तिसरा दुसऱ्या क्षणाविषयी. दोघांचेही म्हणणे टिकते. पहिल्या गटाला मात्र ‘हार हरवल्यानंतर मॅटिल्डाला दुसरा मार्ग उरला होता का?’ एवढेच विचारावे. मार्ग उरला होता, म्हणून तो क्षण शिखराचा नाही, हे मुले स्वतः सांगतील. उत्तर तपासताना क्लायमॅक्सच्या नावाला कमी आणि त्याच्या समर्थनाला अधिक गुण द्यावेत, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : आमची शाळा ग्रामीण भागातील मराठी माध्यमाची असून मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. वर्गात पन्नासच्या वर मुले आहेत. पाठाचे मराठीत भाषांतर करून सांगण्यातच तास संपतो. कथानकापर्यंत पोहोचताच येत नाही. अशा वर्गात हे शिकवणे शक्य आहे का?
– एक शिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : शक्य आहे, मात्र भाषांतराचा क्रम उलटा करावा लागेल. आज आपण ओळीमागून ओळ मराठीत आणता आणि शेवटी कथानकाला वेळ उरत नाही. त्याऐवजी कथानक आधी मराठीत उभे करावे आणि मग त्याच्या आधाराने इंग्रजी वाचावे. कारण शोधणे ही काही इंग्रजीची करामत नव्हे. ती मुलांना त्यांच्या भाषेत येतेच.

पहिला तास चिऊ-काऊच्या गोष्टीला द्या, नववीची मुले हसली तरी चालेल. काऊचे घर शेणाचे, चिऊचे घर मेणाचे. मोठा पाऊस येतो आणि काऊचे घर वाहून जाते. पाऊस ही घटना झाली. पण ही गोष्ट पहिल्याच वाक्यात घरे कशाची आहेत ते का सांगते, असे विचारा. शेणाचा उल्लेख काढून टाकला तर पावसानंतर ‘एकाचेच घर का वाहून गेले?’ याला उत्तर राहत नाही. कथेत पुढे लागणारे कारण आधीच, सहज म्हणून पेरून ठेवलेले असते, ही गोष्ट एवढ्यावरून सर्वांना कळते. त्यासाठी ‘फोरशॅडोइंग’ या शब्दाची पहिल्या दिवशी गरज नाही.

मग रस्किन बाँड यांची ‘द थीफ्स स्टोरी’ घ्या; तेथेही पाऊसच आहे. पंधरा वर्षांचा चोर हरी सिंग त्याला घरी ठेवून घेणाऱ्या अनिलच्या गादीखालचे ६०० रुपये चोरून स्टेशनावर जातो, लखनौची गाडी डोळ्यांदेखत सोडून देतो, मैदानात पावसात भिजतो आणि परत येऊन पैसे होते तेथे ठेवतो. सकाळी अनिल त्याला पन्नासची नोट देतो आणि ती नोट अजून ओलसर असते. तो पाऊस वातावरणासाठी आणलेला नाही : नोट भिजली म्हणून अनिलला चोरी कळली, कळूनही तो काही बोलला नाही, आणि कथेचा शेवट या न बोलण्यावर उभा आहे. मुलांनी भाषांतरात ‘नोट ओली होती’ एवढे लिहिलेले असते. पण ती ओली का, आणि ओली असण्याने कोणाला काय कळले, हे दोन प्रश्न मराठीत विचारल्याशिवाय ते वाक्य त्यांना कळले असे मानू नये.

यानंतर इंग्रजीकडे वळावे. पाठातून आठ-दहा छोटी वाक्ये निवडून कागदाच्या पट्ट्यांवर लिहा, प्रत्येक बाकावर एक संच द्या आणि त्यांचा क्रम लावायला सांगा. एवढे सगळेच करतात; महत्त्वाचे काम पुढचे आहे. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत ‘बिकॉज’, ‘सो’, ‘बट’, ‘ऑल्दो’ यांपैकी एक शब्द लिहायला लावा आणि तोच का, ते मराठीत सांगायला लावा. व्याकरणाच्या तासाला उभयान्वयी अव्यये म्हणून जे कोरडेपणाने शिकवले जाते ते येथे कामाला येते. पूर्ण भूतकाळाचेही तसेच आहे. ‘हॅड’ असलेले वाक्य बहुधा आधी घडलेली, पण नंतर सांगितलेली गोष्ट दाखवते. ज्या कथेत निवेदन मागे-पुढे जाते तेथे मुलांना ‘हॅड’खाली रेघ मारायला सांगितली, की घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम यांतील फरक त्यांना पानावरच दिसतो. पन्नास मुलांच्या वर्गात तोंडी चर्चा सर्वांपर्यंत पोहोचत नाही, पट्ट्यांचे काम पोहोचते. शिवाय पट्ट्या जपून ठेवल्या तर पुढच्या वर्षीही उपयोगी पडतात.

प्रश्न : नववीच्या पूरक वाचनातील ‘द लॉस्ट चाइल्ड’ या कथेत शेवटी मूल सापडते की नाही हेच सांगितलेले नाही. मुले म्हणतात, ‘बाई, याच्यात स्टोरीच नाही.’ त्यांना काय सांगावे?
– एक शिक्षिका, पणजी

उत्तर : सांगू काहीच नये, वहीच्या पानाचे उभे दोन भाग करून घ्यावेत. मुल्कराज आनंद यांच्या या कथेत मूल जत्रेला जाताना एकेक गोष्ट मागते किंवा मागावीशी वाटूनही गप्प बसते : बर्फी, गुलमोहराची माळ, फुगे, गारुड्याची पुंगी, चक्री पाळणा. डावीकडे ही यादी लिहून घ्यावी. आईवडील दिसेनासे झाल्यावर एक भला माणूस त्याला उचलून घेतो आणि याच वस्तू एकामागून एक देऊ करतो. मूल प्रत्येक वेळी नाकारते आणि फक्त आईबाबा मागते. उजवीकडे ही यादी. दोन्ही याद्या जुळल्या, की वस्तू त्याच असून मूल बदलले आहे हे मुलांच्या लक्षात येते, आणि या कथेचे कथानक तेवढेच आहे. सापडणे-न सापडणे हा प्रश्न लेखकाने जाणूनबुजून बाजूला ठेवला आहे. मात्र अशी कथा वर्षाच्या आरंभी घेऊ नये. कारण आणि परिणाम यांची साखळी ठळक असलेल्या दोन-तीन कथा झाल्यावरच ती घ्यावी, नाहीतर कथेत काहीच घडावे लागत नाही असा मुलांचा समज व्हायचा.

प्रश्न : परीक्षेत दिलेल्या मुद्द्यांवरून किंवा दिलेल्या आरंभावरून कथा पूर्ण करण्याचा प्रश्न असतो. माझ्या वर्गातील निम्म्या कथा ‘आणि मला जाग आली’ यावर संपतात आणि उरलेल्यांत कोणाला तरी ट्रक उडवतो. हे कसे थांबवावे?
– एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : स्वप्न आणि ट्रक हे दोन्ही एकाच कारणाने येतात : कथा गुंतते आणि ती सोडवायला पात्राकडे काहीच उरलेले नसते, म्हणून बाहेरून काहीतरी आणावे लागते. यासाठी मुलांना एक नियम घालून द्यावा. संकट योगायोगाने आले तरी चालेल. सुटका योगायोगाने होता कामा नये. ‘अ लेटर टू गॉड’ या मेक्सिकन कथेत गारपीट योगायोगानेच येते आणि लेंचोचे पीक झोडपून काढते. पण त्यानंतरची प्रत्येक गोष्ट कोणाच्या ना कोणाच्या स्वभावातून निघते. लेंचोची देवावर अढळ श्रद्धा आहे म्हणून तो देवालाच पत्र लिहून १०० पेसो मागतो. पोस्टमास्तर मनाचा मोठा आहे म्हणून वर्गणी काढून ७० पेसो पाठवतो. लेंचोच्या मते देव कमी पैसे पाठवणे शक्यच नाही, म्हणून उरलेले पैसे पोस्टातल्या चोरांनी खाल्ले असे तो ठरवून टाकतो. वर्गाला एकच विचारा : पोस्टमास्तरला पूर्ण १०० पेसो जमले असते तर? कथा गोड झाली असती आणि कोणाच्या लक्षातही राहिली नसती. कथानक त्या न जमलेल्या ३० पेसोंत आहे.

स्वतः लिहिताना हे कसे वापरावे, तेही एका नेहमीच्या नमुन्यावर दाखवता येते. मुलाला रस्त्यात पाकीट सापडते, तो ते मालकाला परत देतो, मालक बक्षीस देतो, ही कथा प्रत्येक वर्गात दरवर्षी येते. ती लिहिणाऱ्याला टाकून बोलू नये. त्याला विचारावे की त्या दिवशी त्या मुलाला पैशांची गरज होती का? समजा, सहलीचे पैसे भरायचा तो शेवटचा दिवस होता. आता पाकीट उचलताच मुलापुढे दोन वाटा आल्या. पाकिटात मालकाचा पत्ता होता का? असला तर तो कोणाचा? वर्गशिक्षकांचाच निघाला तर? प्रत्येक उत्तरागणिक मुलाला काहीतरी ठरवावे लागते, आणि कथा पुढे जाते ती या ठरवण्याने. बक्षिसाचे वाक्य मग आपोआप गळून पडते, कारण त्याची गरज राहत नाही.

आणखी एक सवय लावावी. दिलेले मुद्दे वाचल्यावर मुलांनी आधी शेवटचे वाक्य कच्चे लिहावे, त्यावर ‘हे का घडले?’ असे विचारून त्याच्या आधीचे वाक्य लिहावे आणि असे मागे मागे येत दिलेल्या आरंभाला भिडावे. परीक्षेत याला चार-पाच मिनिटे लागतात, पण मधेच अडकून स्वप्नाचा आधार घेण्याची वेळ येत नाही. आणि एखादे वर्ष स्वप्न व अपघात यांना वर्गात सरसकट बंदी घालायला हरकत नाही. बंदी घातल्यावर मुले काय काय शोधून काढतात ते पाहण्यासारखे असते.

प्रश्न : माझा मुलगा इंग्रजी पाठ न वाचता मोबाइलवर तयार सारांश वाचतो. कथा विचारली तर धडाधड सांगतो, पण कथानकाच्या उत्तरात गुण जातात. माझे स्वतःचे इंग्रजी बेताचे आहे. मी त्याचा अभ्यास कसा घ्यावा?
– एक पालक, ठाणे

उत्तर : आपले इंग्रजी बेताचे असणे येथे आड येणार नाही. त्याला कथा मराठीत सांगायला लावा आणि प्रत्येक वळणावर ‘का?’ एवढेच विचारत जा. दोस्ताचे पैसे परत का ठेवले? पत्र देवालाच का लिहिले? हार हरवल्याचे मैत्रिणीला का सांगितले नाही? सारांशात कारणे बहुधा नसतात, त्यामुळे दोन-तीन प्रश्नांत तो ‘असेच’ किंवा ‘माहीत नाही’ यावर येईल. तेथे रागावू नका. पुस्तक उघडून कारण ज्या ओळीत दिले आहे ती ओळ शोधायला सांगा आणि तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावा. एका पाठात अशा सहा-सात ओळी निघाल्या तरी पुरे. उत्तर लिहिताना त्यांतील निदान दोन ओळींचा आधार त्याने घेतला पाहिजे, एवढी अट घाला. त्या ओळी शोधण्यासाठी त्याला पाठ वाचावाच लागेल.